इंधनाच्या दाबाचा इतिहास

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत ‘फ्युएल इंजेक्शन’ ही वस्तु 2020 सालीं नव्या मोटारसायकलींबरोबर आली, असा सार्वत्रिक समज आहे. त्या वर्षाच्या 1 एप्रिलपासून ‘भारत स्टेज सहा’ या नांवाचे धुराविषयींचे निर्बंध देशभर अंमलांत आले, नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर बहुतेक नाहींसा झाला, आणि गॅरेजा-गॅरेजांतून एकच तक्रार ऐकूं येऊं लागली, कीं आतां गाडीला हात लावण्याची सोय राहिली नाहीं. आम्ही इतिहास शिकवितों. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि एखादी वस्तु ‘नवी’ आहे असें चार लोक एकमुखानें म्हणूं लागले म्हणजे ती खरोखर किती जुनी आहे हें पाहण्याची खोड इतिहासाच्या अध्यापकास जडलेली असते, आणि या बाबतींत ती खोड आम्हांस बरीच दूरवर घेऊन गेली.

वरील समजांत सत्याचा अंश आहे, पण अंशच. ज्या तरुणाची मोटारसायकल आज बिघडते, त्याच्या आजोबांच्या विहिरीवर 1965-70 च्या सुमारास जें ऑइल इंजिन टुकटुक करीत उभें असे, त्यांत इंधन फवारण्याचीच योजना होती. आणि तीही आजच्या मोटारसायकलीहून किती तरी जबर. मोटारसायकलीच्या नळींत पेट्रोलचा दाब हवेच्या स्वाभाविक दाबाच्या सुमारें तीन पट असतो. आजोबांच्या इंजिनाचें नोझल दोनशें पटींच्या आसपास दाब आल्याशिवाय उघडतच नसे. असें असून आजोबांचें इंजिन गांवचा मिस्त्री दोन पान्यांनीं ताळ्यावर आणी, आणि नातवाची गाडी मात्र त्याच मिस्त्रीच्या मुलाच्या हातून निसटते, हें कसें? दाब थोर कीं थोडा, यावरून याचा उलगडा होत नाहीं. दाब ठरवितो कोण, आणि तो चुकला हें ओळखावयाचें कशावरून, या प्रश्नांचीं उत्तरें गेल्या सव्वाशें वर्षांत पालटत आलीं आहेत. त्यांतच या कोड्याची किल्ली आहे.

रुडोल्फ डिझेल यानें आपल्या इंजिनाच्या पेटंटासाठीं 1892 सालीं अर्ज केला, 1893 सालीं औग्सबुर्ग येथें पहिले प्रयोग केले, आणि 1897 सालीं त्याच्या यंत्रास यश आलें. हवा इतकी दाबावयाची कीं तिच्या उष्णतेनेंच तेल पेटावें, ही त्याची मूळ कल्पना. पण दाबलेल्या हवेंत नेमक्या क्षणीं, नेमकें तितकेंच तेल, धुक्यासारखें बारीक करून शिरवावयाचें कसें? नुसत्या पंपानें तें आंत लोटण्याचे त्याचे प्रयत्न फसले. अखेर त्यानें वेगळा कॉम्प्रेसर बसवून साठ-सत्तर पट दाबाच्या हवेच्या झोतानें तेल फुंकण्याची तोड काढली. तोड नामी होती. परंतु कॉम्प्रेसरचें धूड एवढें मोठें, कीं तें इंजिन जहाजांत अथवा वीजघरांत शोभावें, गाडीवर नव्हे. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज गृहस्थानें 1890 सालींच पंपानें तेल सोडणाऱ्या इंजिनाचें पेटंट घेतलें होतें हें खरें. मात्र त्यांत दाब थोडा असून तेल पेटविण्यास बाहेरून तापविलेल्या कोठडीचा आधार लागे. पुढें 1910 च्या सुमारास विकर्स कंपनींत मॅकेक्नी यानें हवेच्या फुंकरीवांचून तेल फवारण्याची रीति बसविली, व पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश पाणबुड्यांत ती वापरली गेली. तींत पंप तेलाचा दाब एका समाईक नळींत सांठवून ठेवी आणि तेथून प्रत्येक सिलिंडरास वांटा मिळे. हल्लीं जी ‘कॉमन रेल’ म्हणून मोठ्या नवलाईनें मिरविली जाते, तिची ही आजीच होय.

परंतु जगानें तूर्त या आजीकडे पाठ फिरविली, आणि त्याचें कारण स्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांचा कारखाना. त्यानें 1922 च्या अखेरीस हा प्रश्न हातीं घेतला व 1927 सालीं पंपांचें नियमित उत्पादन सुरू केलें. या पंपांतील दट्ट्याच्या अंगावर एक तिरकस खांच असते. दट्ट्या जरासा फिरविला, कीं त्या खांचेमुळें तेल लवकर किंवा उशिरां माघारी सुटतें, आणि तेवढ्यानें फवाऱ्याचें माप कमीजास्त होतें. दट्ट्या व त्याची नळी एकमेकींत इतकीं घांसून बसविलेलीं असतात, कीं मधली फट मिलिमीटरच्या सहस्रांशाच्या दोन-चार पटींहून अधिक नसते. एकीचा दट्ट्या दुसरीच्या नळींत चालत नाहीं. तेल अडविण्यास तेथें कोणतेंही कातडें किंवा रबर नाहीं. ती अरुंद फट हाच अडसर, आणि खुद्द डिझेल हेंच वंगण. नोझलच्या टोंकाशीं असलेली सुई एका स्प्रिंगनें दाबून धरलेली असते. ती स्प्रिंग ज्या दाबास हार जाईल, त्या दाबास फवारा सुटावयाचा. म्हणजे दाबाचा सारा कारभार एका स्प्रिंगकडे व तिच्यावरील एका स्क्रूकडे किंवा चकतीकडे. आणि स्क्रू ही वस्तु जगांतील कोणत्याही मिस्त्रीच्या हातास परकी नाहीं.

दोन्ही रीतींतील भेद आमच्याकडील वाचकांस मोटेच्या उपमेनें चटकन् उमगेल. मोट प्रत्येक खेपेस आपलें पाणी आपण आणून थारोळ्यांत ओतते. बैल थांबले कीं पाणी थांबलें. बॉशचा पंप याच जातीचा: दाब खेपेखेपेस नव्यानें उभा राहतो आणि त्या खेपेबरोबरच मावळतो. उलट समाईक नळी म्हणजे भरलेला हौद. पाणी आंत तयारच असतें. तोटी केव्हां व किती वेळ उघडावयाची एवढाच प्रश्न उरतो. परंतु हौदाची पातळी सांभाळण्यास कोणी राखणदार नेमावा लागतो, आणि हा राखणदार पुढें कोण झाला तें यथावकाश दिसेलच.

महाराष्ट्रांत डिझेल इंजिनांचा उद्योग आला तो दक्षिण महाराष्ट्राच्या व पुण्याच्या वाटेनें. साताऱ्याचे धनजीशहा कूपर, जे 1937 सालीं कांहीं महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधानही होते, त्यांच्या कारखान्यांत 1930 नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें होऊं लागलीं. 1946 सालीं शंतनुराव किर्लोस्कर यांनीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली. 1951 सालीं बंगलोर येथें बॉशच्या सहकार्यानें ‘मायको’ निघाली, आणि पंप व नोझल हीं विलायतेहून आणण्याचें कारण हळूहळू कमी झालें. पुढें या कंपनीचा एक कारखाना नाशिक येथेंही आला. 1954 पासून जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीझ ट्रक रस्त्यांवर दिसूं लागले.

आमचा मुलूख तेव्हां वेगळ्या राज्यांतून नुकताच सुटला होता. निजामाच्या राज्यांत रेल्वेखात्यानेंच 1932 सालीं सत्तावीस गाड्या घेऊन मोटारसेवा सुरू केली होती. पण परभणी जिल्ह्याचा एक तालुका असलेल्या हिंगोलीच्या शेतकऱ्यास यंत्राची ओळख झाली ती मुख्यत्वें 1948 नंतर, आणि तीही मोटारीमुळें नव्हे, तर विहिरीवरील इंजिनामुळें. वसमतच्या बाजूची हळद आठ-नऊ महिने पाणी मागते. वीज गांवोगांव पोहोंचेपर्यंत, आणि पोहोंचल्यावरही ती येईल तेव्हां खरी म्हणून, मोटेची जागा या इंजिनानें घेतली. काढणीनंतर हळद शिजवून वाळविली, कीं ती घांसून पिवळी करणारा ढोलही कित्येक ठिकाणीं त्याच इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. आमच्या लहानपणीं रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या कोणाचें इंजिन कोणत्या शिवारांत चालू आहे, हें घरांतील वडील माणसें आवाजावरून सांगत. त्यांत आम्हांस तेव्हां कांहींच नवल वाटत नसे.

या आवाजाच्या ज्ञानावरच मिस्त्रीची विद्या उभी होती, आणि ती विद्या आम्ही सामान्य समजत नाहीं. इंजिन सुरू होईना, कीं पहिली शंका हवेची. ‘हवा धरली’ हा शब्द आजही प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडीं आहे. तेल दाबलें तरी जवळजवळ आकसत नाहीं, हवा मात्र आकसते. म्हणून नळींत हवेचा बुडबुडा असला, कीं दट्ट्याची सारी मेहनत तो बुडबुडा दाबण्यांतच खर्ची पडते व नोझलपाशीं दाब म्हणून उभाच राहत नाहीं. मिस्त्री फिल्टरवरचा स्क्रू सैल करी, हातपंप मारी, फेंस जाऊन निर्मळ धार लागली कीं स्क्रू आवळी. अनेक सिलिंडरांच्या इंजिनांत दोष कोणत्या सिलिंडराचा, हें पाहण्याची रीति आणखी सोपी. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित् सैल करावयाचा. चांगल्या सिलिंडराचा नट सैल होतांच इंजिनाची चाल अडखळते. ज्याचा नट सोडला तरी चालींत फरक पडत नाहीं, तेंच चोर. हा न्याय आम्हांस इतिहाससंशोधनांतही उपयोगी वाटत आला आहे: जो साक्षीदार काढून घेतला तरी कथा तशीच चालते, त्याची साक्ष मुळांतच नव्हती.

पुढची तपासणी नोझल टेस्टरवर. हा एक हातदांड्याचा पंप व त्यावर बसविलेलें घड्याळाएवढें दाबमापक. नोझल त्यास जोडून दांडा दाबला, कीं कांटा चढत जातो आणि ठरलेल्या दाबास सुई उघडून फवारा उडतो. कांटा किती आंकड्यावर थबकला हें तर पाहावयाचेंच, पण जाणता माणूस कान देऊन ऐकतो. चांगलें नोझल उघडतांना करकर असा एक कोरडा, कांपरा आवाज करतें. मुकाट्यानें धार सोडणारें नोझल बाद. फवारा थांबल्यावर टोंकाशीं थेंब लोंबतां कामा नये, व दांडा स्थिर ठेविला तर कांटा झपाट्यानें उतरतां कामा नये. पंपाचें माप घेण्यास मात्र तालुक्याहून मोठ्या गांवीं ‘पंप-नोझल’च्या दुकानांत जावें लागे. तेथें पंप वेगळ्या मोटरीवर फिरवून प्रत्येक नळींतून ठराविक खेपांत किती डिझेल पडतें तें कांचेच्या नळकांड्यांत मोजीत, आणि काम पुरें झाल्यावर स्क्रूला तार ओंवून शिशाची मोहर करीत. ती मोहर फोडून ‘थोडी पॉवर वाढवून’ मागणारे ट्रकमालकही असत, आणि तसें करून देणारेही.

या विद्येस सर्वांत मोठा शत्रु भेटला तो रॉकेलचा. शिधापत्रिकेवरील स्वस्त रॉकेल ओळखूं यावें म्हणून सरकारनें त्यास निळा रंग दिला. पण अंधारांत टाकींत ओततांना रंग कोण पाहतो? रॉकेलला वंगणपणा कमी. ज्या अरुंद फटीवर सारा दाब अवलंबून, ती झिजून रुंद होई. असें इंजिन सकाळीं सुरू होई व तापल्यावर एकदां बंद पडलें कीं पुन्हां उठत नसे, कारण तापलेलें पातळ तेल झिजलेल्या फटींतून निसटे. मिस्त्री पंपावर ओलें फडकें टाकी. पंप निवून इंजिन सुरू झालें, तर दुसरा पुरावा नको. इतकें साधें, विनाखर्चाचें आणि अचूक निदान आम्हीं अन्यत्र क्वचितच पाहिलें आहे.

पेट्रोलची कथा निराळी व आमच्या जिल्ह्यापुरती बरीच उशिरांची. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन लढाऊ विमानांच्या इंजिनांत पेट्रोल फवारलें जाई, तर इंग्रजांच्या मर्लिन इंजिनांत कार्ब्युरेटर होता. विमान एकाएकीं खालीं झुकलें कीं तें क्षणभर गुदमरे. बीट्रिस शिलिंग या स्त्री-इंजिनियरनें 1941 सालीं छिद्र पाडलेली एक लहानशी चकती इंधनाच्या वाटेंत बसवून हा दोष पुष्कळसा आटोक्यांत आणला. रस्त्यावरील मोटारींत विजेच्या नियंत्रणाची पेट्रोल-फवारणी रूढ झाली ती 1967 सालीं बॉशनें फोक्सवागनसाठीं बनविलेल्या योजनेपासून, आणि तिच्यामागें कॅलिफोर्नियांतील धुराचे कायदे होते. येथें हौदाची रीति परत आली. टाकींतील विजेचा पंप गरजेहून अधिक पेट्रोल नळींत लोटतो, व नळीच्या टोंकाशीं असलेला रेग्युलेटर जास्तीचें पेट्रोल टाकीकडे परत सोडून दाब कायम राखतो. संगणक केवळ इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवावयाचा तें ठरवितो. आणि दाब कायम असेल तरच वेळेवरून माप काढतां येतें. दाब चुकला, तर संगणकाचें सारें गणित बरोबर असून उत्तर चूक. पुढील पिढीच्या रेग्युलेटरांत एक पडदा बसवून त्याची दुसरी बाजू बारीक रबरी नळीनें इंजिनाच्या हवा ओढण्याच्या मार्गास जोडण्यांत आली, म्हणजे तेथें ओढ वाढली कीं पेट्रोलचा दाबही तितकाच उतरावा आणि इंजेक्टरच्या दोन्ही तोंडांमधील फरक सदैव एकच राहावा.

या पडद्याशीं आमचा परिचय झाला तो पदरमोड करून. कांहीं वर्षांपूर्वीं आमची जुनी मोटार सकाळीं सुरू होण्यास कांकूं करूं लागली, काळा धूर टाकूं लागली व पेट्रोल अवाच्या सवा पिऊं लागली. एका मोठ्या शहरांतील नामांकित गॅरेजनें प्रथम प्लग बदलले, मग एक सेन्सर, मग टाकींतील पंप; बिल वाढलें, धूर तसाच राहिला. अखेर हिंगोलीस एका वयस्क मिस्त्रींपुढें गाडी उभी केली. त्यांनीं रेग्युलेटरवरची ती बारीक रबरी नळी उपसली व आमच्या नाकासमोर धरली. “सर, पंप चांगला हाय. ह्यो पाइप हुंगून बघा.” नळींत पेट्रोलचा भपकारा होता. पडदा फाटून पेट्रोल थेट हवेच्या मार्गानें इंजिनांत जात होतें. नंतर त्यांनीं नळीवर दाबमापक लावून आम्हांस सारी परीक्षा करून दाखविली. इंजिन मंद चालत असतां रबरी नळी काढली, कीं निरोगी रेग्युलेटरचा कांटा सुमारें अर्ध्या बारनें वर जावा. दाब मुळांतच कमी असेल, तर परतीची नळी क्षणभर चिमटावी: कांटा उसळला तर पंप निर्दोष व रेग्युलेटर दोषी, न उसळला तर पंप किंवा तुंबलेला फिल्टर पाहावा. इंजिन बंद केल्यावर कांटा लगेच कोसळला, तर पंपाची झडप, गळका इंजेक्टर, नाहींतर रेग्युलेटरच. शहरांतील गॅरेजांत महागडा स्कॅनर होता. पण त्या गाडीला पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नव्हता, आणि स्कॅनरनें विचारावयाचें तरी कोणास? ‘मिश्रण जाड आहे’ एवढी तक्रार त्यानें वाचली, व तीवरून माणसांनीं भलतेच तर्क बांधले.

मोटारसायकलींत ही रीति हिंदुस्थानांत 2006 सालीं हीरो होंडाच्या ग्लॅमरमधून आली. 2007 सालीं बजाजची पल्सर 220 फवारणीसह निघाली, आणि मौज अशी कीं 2009 सालीं तीच गाडी पुन्हां कार्ब्युरेटर लावून विकावयास आली. प्रगति सरळ रेषेनें जाते असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. 2020 च्या निर्बंधांनीं हा परतीचा रस्ता बंद केला.

आतां डिझेलच्या हौदाकडे वळूं. जपानांत डेन्सो कंपनीनें 1995 सालीं हिनो ट्रकांत, आणि फियाटच्या संशोधनाचा आधार घेऊन बॉशनें 1997 सालीं अल्फा रोमिओ मोटारींत कॉमन रेल आणली. बॉशच्या त्या पहिल्या योजनेचा दाब 1350 बार होता. पुढें तो दोन हजारांपलीकडे गेला. 2002 च्या सुमारास अशा मोटारी आपल्या देशांत विकूं लागल्या, मागाहून नाशिकच्या स्कॉर्पिओंतही ती आली, आणि धुराच्या पुढील निर्बंधांबरोबर ट्रक व एस. टी. गाड्यांतही ती शिरली. या हौदाचा राखणदार म्हणजे संगणक. नळीवरील सेन्सर त्यास पातळी सांगतो, आणि पंपाच्या तोंडाशीं असलेली विजेची झडप तो कमीजास्त उघडतो. जुन्या इंजिनांत स्क्रूनें ठरविलेला दाब जन्मभर तोच राही. येथें तो क्षणोक्षणीं बदलतो, आणि बदलला पाहिजे.

येथेंच ती जुनी विद्या नुसती निरुपयोगी नव्हे, तर घातक ठरते. चालू इंजिनाचा नट सैल करून चोर ओळखण्याची जी रीति आम्हीं वर कौतुकानें वर्णिली, ती कॉमन रेलवर कोणीही करूं नये. हजार-दीड हजार बार दाबाची केसासारखी बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. बाहेर टांचणीएवढाच डाग दिसतो, प्रारंभीं दुखतही नाहीं, आणि आंत डिझेल स्नायूंत पसरत जातें. तांतडीनें शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. तीस-तीस वर्षें ज्या बोटांनीं नट सैल केले, त्यांची संवय एका पत्रकानें मोडत नाहीं. नव्या गाड्या आल्या तेव्हां त्यांबरोबर कर्ज देणारे आले, विमा उतरविणारे आले. पण आमच्या जिल्ह्यांतील रस्त्याकडेच्या मिस्त्रीस ही एक गोष्ट समोर बसवून सांगणारें कोणी आलेलें आम्हीं तरी पाहिलें नाहीं. त्याला अडाणी म्हणणें सोपें आहे. वास्तविक तो आपल्या शास्त्रांत पारंगत आहे. त्याला न कळवितां बदललें आहे तें शास्त्र.

ट्रॅक्टरांच्या बाबतींत तर संक्रमण अर्धेंच झालें. 2023 च्या 1 जानेवारीपासून नवे कडक नियम लागू झाले ते पन्नास अश्वशक्तींवरील ट्रॅक्टरांस. आमच्या शेतांतील बहुसंख्य ट्रॅक्टर त्या रेषेखालचे असून त्यांवर जुन्या जातीचाच पंप आहे. त्यामुळें एकाच छपराखालीं, एकाच दिवशीं, एका गाडीचा नट सैल करणें हें कौशल्य असतें आणि शेजारच्या गाडीचा तोच नट सैल करणें हा अपघात.

ज्या मिस्त्रींनीं आमचें नाक रबरी नळीस लाविलें, त्यांच्या दुकानांत आतां त्यांचा मुलगा स्कॅनर घेऊन बसतो. कॉमन रेलची गाडी सुरू होईना, कीं तो प्रथम पडद्यावर दोन आंकडे पाहतो: संगणकानें मागितलेला दाब व प्रत्यक्ष मिळालेला. स्टार्टर मारतांना दोनशें-अडीचशें बारही उभे राहत नसतील, तर इंजेक्टर उघडण्याची आज्ञाच सुटत नाहीं. मग दाब जातो कोठें? चांगला इंजेक्टर परतीच्या वाटेनें थोडेंच डिझेल सोडतो, झिजलेला पुष्कळ. तें मोजण्यास प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या तोंडास एकेक पारदर्शक नळी लावून, तिचें टोंक कांचेच्या नळकांड्यांत सोडून, कोणतें आधीं भरतें तें पाहावयाचें. प्रचंड दाबाची नळी उघडावी लागत नाहीं. मागील खेपेस आम्ही गेलों तेव्हां हें काम चाललें होतें. चौकटींत ओळीनें उभीं असलेलीं तीं नळकांडीं नवीं दिसेनात, म्हणून आम्हीं विचारलें. वडिलांच्या जुन्या पंप-टेस्टिंगच्या यंत्रावरून तीं काढून घेतलीं होतीं. त्यांवरील खुणा पुसट झाल्या होत्या, आणि मुलानें त्या लाल रंगानें पुन्हां रेखाटल्या होत्या.